बेचाळीस मिनिटं

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा पाटकऱ्याच्या डाव्या हातात पाण्याचं घड्याळ होतं आणि उजव्या हातात त्या घड्याळाची चावी, दांडीसकट उपटून आलेली.

तो तसाच पाटाच्या कडेने जवळजवळ पळत घड्याळवालीच्या घरी आला. ती खिडकीजवळच्या मेजावर कुणाच्या तरी मनगटी घड्याळाचा पट्टा बसवत होती.

"सूनबाई, हे बघ. रोजच्यासारखी ओढली आणि हातातच आली. मी काही जोर लावला नाही हं."

"लावलाय कोण म्हणतंय? बसा."

"बसू कसा? वर अण्णा पाटाचं दार धरून उभे आहेत. बारी लागायची आहे."

उन्हाळ्याचे चार महिने पाटाला पाणी इतकं कमी असायचं की ते आठ शेतांत घड्याळ लावून वाटावं लागे. प्रत्येक शेताला तीन तास. सूर्य टेकडीला टेकला की पाटकरी काटे बारावर आणायचा आणि शिट्टी वाजवायचा. मग पहिलं शेत, दुसरं शेत, असं पाणी वरून खाली सरकत दुसऱ्या दिवशी सूर्य टेकेपर्यंत आठव्या शेतात पोचायचं. रात्री पाटकऱ्याचा भाऊ घड्याळ घेऊन बसायचा. घरोघरी घड्याळं होती, पण कुठल्याही दोन घड्याळांचं आपसात पटत नसे. म्हणून पाण्यासाठी हे एकच ठरलेलं होतं. खिशात ठेवायचं, तळहात भरेल एवढं, साखळीने गळ्यात अडकवलेलं. ते सांगेल तेवढं पाणी.

आठवं शेत घड्याळवालीच्या घरचं होतं.

तिने दांडी भिंगाखाली धरली. दांडीवरची खाच शाबूत होती. म्हणजे खाचेत बसून दांडीला धरून ठेवणारी खिटी आतून सुटली होती. साधं घड्याळ माणूस महिन्यातून एकदा लावतो. हे रोज लावलं जायचं. खिटीचा खुंट कधीतरी झिजणारच होता.

"खिटी उद्या बघू. आधी तुमचे काटे बारावर आणून देते."

तिने समोरची काच उघडली आणि चिमट्याचं टोक मिनिटकाट्याला लावलं. काटा गेला. इतका सहज गेला की तिने चिमटा मागे घेतला. पुन्हा हलकेच लावला, पुन्हा तसंच. जणू काट्याला आतून कुणी धरलंच नव्हतं.

तिने काटा होता तिथे परत आणला, आणि मग तिचं लक्ष तबकडीकडे गेलं.

"काका, तुम्ही हे हलवलंत का?"

"कसं हलवणार? चावी माझ्या हातात."

"मग हे अकरा वाजून बारा मिनिटं का दाखवतंय?"

"मग काय दाखवणार?"

"काल सूर्य टेकल्यावर बारावर लावलंत. आज पुन्हा सूर्य टेकला. बाराच दाखवायला हवं ना?"

पाटकरी हसला. शाळेत जाऊन आलेल्या माणसांना साध्या गोष्टी सांगाव्या लागतात, तसं हसला. "अगं, ते आपोआप बारावर आलं असतं तर रोज लावायचं कशाला? मग मी काय करायचं? लावावं लागतं म्हणून तर लावायचं."

"रोज एवढं पुढे न्यावं लागतं?"

"पाऊण तास तरी. कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त."

"आणि गेल्या उन्हाळ्यात?"

त्याने आठवून पाहिलं. "गेल्या उन्हाळ्यात दोन मिनिटं, चार मिनिटं. तेव्हा काटा फार जड होता. अंगठ्याला घट्टा पडला होता माझ्या. मग बाऱ्या संपल्यावर तू हलका करून दिलास. देव तुझं भलं करो. आता एका बोटाने पाऊण तास जातो."

घड्याळवालीने काटा बारावर नेला, काच बंद केली, दांडी जागेवर सरकवून मागचा पेच जेवढा धरेल तेवढा आवळला.

"सकाळी चावी द्या, पण बाहेर ओढू नका. आणि उद्या आमची बारी लागली की घड्याळ मला द्या. आमची बारी सूर्यावर संपते, तेवढ्या वेळात घड्याळ लागत नाही."

"हे बरं सुचलं तुला," असं म्हणून पाटकरी पळाला. थोड्या वेळाने वरून शिट्टी ऐकू आली.

ती मेजाजवळ बसून राहिली. गेल्या वर्षी तिने काय केलं होतं ते तिला नीट आठवत होतं. मिनिटकाटा एका छोट्या दातेरी नळीवर बसतो, आणि ती नळी मधल्या चाकाच्या आसावर नुसती घट्ट बसवलेली असते. नळीच्या पोटाला एक बारीक खळगी दाबलेली असते, तिचीच पकड. घड्याळ चालतं तेव्हा आस नळीला फिरवतो. काटे लावताना चावी नळीला फिरवते आणि आस जागेवर राहतो. पकड फार घट्ट असली तर अंगठ्याला घट्टा पडतो. फार सैल असली तर आस फिरतो आणि काटा थोडा थोडा मागे राहतो. म्हाताऱ्याचा अंगठा बघून तिने खळगी आतून घासली होती. एकदा घासून पुरलं असतं. तिने दोनदा घासली होती.

नवरा शेतातून आला तेव्हा त्याचे पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखले होते, पण त्याच्या वरचे गुडघे कोरडे होते. पाणी भरपूर असलं की तो गुडघ्यापर्यंत भिजून यायचा. त्याने फावडं भिंतीला लावलं आणि पायरीवर बसला.

"शेवटच्या सहा सऱ्या आजही राहिल्या," तो म्हणाला. "टोमॅटोची फुलं हाताला लागली तरी गळतात."

त्याने कुणाला दोष दिला नाही. महिन्याभरापूर्वी दिला होता. दारावर सगळ्यांसमोर म्हणाला होता की माझी बारी तीन तास भरत नाही. पहिल्या शेताचे अण्णा, ज्यांचा आवाज नेहमीच पाटाच्या दोन्ही काठांना पुरायचा, ते म्हणाले होते, "शेवटच्याला कमीच वाटतं रे. बारी तीन तासांचीच आहे. तुझं फावडं हळू चालतं." सगळे हसले. त्याने आपलं मनगटी घड्याळ पुढे केलं तर आणखी हसले. "बायकोने लावून दिलेलं ना ते?" त्या दिवसापासून तो दारावर जात नव्हता. आपल्या बांधावर उभा राहून पाण्याची वाट बघायचा.

"तुमचं फावडं हळू नाही," घड्याळवाली म्हणाली.

तिने पाटीवर आकडे मांडले. घड्याळ तासाला दोन मिनिटं मागे राहतं. तीन तासांची बारी खरी तीन तास सहा मिनिटं चालते. सहा मिनिटं कुणालाच जाणवत नाहीत. पण सात घरांची सहा-सहा म्हणजे बेचाळीस. आणि आठवी बारी सुरू होते घड्याळावर, संपते मात्र सूर्यावर. सूर्य काही बेचाळीस मिनिटं थांबत नाही.

नवऱ्याने पाटी हातात घेतली. आकड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी बरोबर होतो."

"होतात."

"मला खरंच वाटायला लागलं होतं, की माझाच हात आता..." त्याने पाटी खाली ठेवली. "घड्याळ असं झालं कसं?"

"मी केलं. गेल्या वर्षी नळी सैल केली ती जास्त झाली."

सासूबाई कोपऱ्यात सुपात धान्य निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "सव्वा महिना सात घरांना आपलं पाणी वाटलंस म्हण की. आणि मी आपली चारचौघींत सांगत फिरते, सून हाताने घट्ट आहे."

नवरा हसला नाही, पण त्याचा चेहरा सुटला. "मग उद्या गुपचूप घट्ट कर. कुणाला काही बोलू नको."

"परवा सातही जणांचं पाणी सहा-सहा मिनिटांनी कमी होईल. घड्याळ कुणी उघडलं होतं? घड्याळवालीने. पाणी कुणाचं वाढलं? घड्याळवालीचं. मग?"

"मग म्हण की झिजलं होतं. जुनंच आहे."

"खिटी झिजली आहे. नळी झिजलेली नाही, मी घासली आहे."

"कोण आत जाऊन बघणार आहे?"

"कुणीच नाही. म्हणूनच सांगायला हवं." तिने पाटी पुसली नाही, उचलून मेजावर ठेवली. "आठ घरांची सगळी घड्याळं याच मेजावर येतात. आत काय केलं ते एकालाही दिसत नाही. मी सांगते आणि ते मानतात. ते मानायचे थांबले तर मी इथे बसून काय करू? आधी चूक दाखवते, मग दुरुस्त करते. सगळ्यांसमोर."

"दाखवणार कशी? माझ्या घड्याळाला हसले ते."

"दुसरं घड्याळ नकोच. त्याच्यातच साक्षीदार आहे."

सासूबाईंनी सूप आपटून कोंडा उडवला. "अण्णांसमोर आवाज चढवू नकोस. ते चढलेल्या आवाजाला लगेच ओळखतात, त्यांचाच आहे तो."

सकाळी तिने खिटीचा नवा खुंट केला. शिवणाची जाड सुई घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली. सुईचा रंग आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि मग निळा झाला. निळा होताच बाजूला घेतली. त्याच्या आधी पोलाद कानशीला दाद देत नाही, आणि फार पुढे गेलं तर मऊ पडतं. मग कानशीने टोक घासून तिने तांदळाच्या कणीहून बारीक असे तीन खुंट केले. लागणार एकच होता. दोन उडून हरवण्यासाठी होते.

दुपारी सातव्या शेताची बारी चालू असताना ती दारावर गेली. पाटकऱ्याने तिच्या सांगण्यावरून अण्णांना आणि गिरणीवालीला बोलावलं होतं. गिरणीवालीचं शेत तिसरं. ती पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी तशीच आली होती. बाकीचेही आले, कारण अण्णा आले होते. तिचा नवरा आला नाही. तो दूर आपल्या बांधावर फावड्यावर हात टेकून उभा होता. इथून तो खांबासारखा दिसत होता.

"काय आहे ते लवकर सांग," अण्णा म्हणाले. "ऊन डोक्यात चाललंय."

"पाण्याचं घड्याळ मागे पडतंय. रोज पाऊण तास."

"झालं!" अण्णा सगळ्यांकडे वळले. "नवऱ्याने सांगून झालं, आता बायको."

"अण्णा, तिला पूर्ण बोलू द्या," गिरणीवाली म्हणाली. "दळणाला रांग लावून आलेय मी."

घड्याळवालीने घड्याळ पाटकऱ्याच्या हातातच राहू दिलं. आपण त्याला हात लावायचा नाही, असं ठरवूनच ती आली होती.

"हा खालचा छोटा काटा बघा. सेकंदाचा. तो सरळ चाकावर बसलाय, त्याला सैल होणं माहीत नाही. त्याची एक फेरी म्हणजे एक मिनिट. साठ फेऱ्या झाल्या की मोठ्या काट्याने एक पूर्ण फेरी मारायला हवी. पाण्याच्या घड्याळात आता बरोबर आठ वाजतायत. तुम्हीच मोजा. मी लांब बसते."

अण्णा अडाणी नव्हते. त्यांनी डोळे बारीक केले. "छोटा बरोबर आणि मोठाच चूक, हे कशावरून? छोटा जोरात पळत असेल."

"पळू दे. सगळं घड्याळ जोरात पळालं तरी दोघं एकत्रच पळतील. मधे चाकं आहेत, दातात दात अडकलेले. साठाला एक, हे ठरलेलं. ते चुकलं तर मधे काहीतरी घसरतंय, एवढाच अर्थ."

अण्णांनी खाली वाकून पाटाच्या कडेचे खडे गोळा करायला सुरुवात केली. "साठ मोजून घे गं," ते गिरणीवालीला म्हणाले. "फेरी झाली की एक खडा इकडून तिकडे. चुकलीस तर पुन्हा पहिल्यापासून."

"रोज शेर मोजते मी. तुम्ही काट्यावर डोळा ठेवा, माझ्यावर नको."

एक तास उन्हात घड्याळ बघणं सोपं नसतं. पंधराव्या खड्यापर्यंत सगळे गप्प होते. विसाव्याला कुणीतरी जांभई दिली. तिसाव्याला मोठा काटा सहाच्या थोडा अलीकडे होता, पण अण्णा म्हणाले, "अर्ध्यात काही बोलायचं नाही." त्यांच्या मानेवरून घाम सदऱ्यात उतरत होता. पाटकऱ्याचा हात भरून आला, तेव्हा अण्णांनी स्वतःचा हात खालून आधाराला लावला. सातव्या शेतात पाणी सरीसरीने चाललं होतं आणि घड्याळवाली कडेच्या दगडावर बसून आपल्या नखांखालचं तेल काडीने काढत होती. तिला शंका नव्हती. फक्त पुढचं वाक्य कसं बोलायचं ते ती मनात जुळवत होती.

"साठ," गिरणीवाली म्हणाली आणि शेवटचा खडा टाकला.

अण्णा वाकले. बाकीचेही वाकले. मोठा काटा बाराच्या दोन घरं अलीकडे होता.

"अठ्ठावन्न," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फक्त समोरच्या माणसापुरता होता.

"काका, सूर्य टेकतो तेव्हा काटा किती पुढे न्यावा लागतो ते सांगा."

पाटकऱ्याने सांगितलं. गेल्या वर्षीचंही सांगितलं. सांगता सांगता त्याचं तोंड उतरत गेलं. "मला वाटलं ते असंच असतं. मला कुणी विचारलंच नाही."

"तुमची चूक नाही," घड्याळवाली उभी राहिली. "माझी आहे. गेल्या वर्षी काटे जड जातात म्हणून हे माझ्याकडे आलं होतं. मी आतली पकड सैल केली ती जास्त सैल झाली. लावून बघितलं, पण साठ फेऱ्या मोजून बघितल्या नाहीत. त्या मोजायला हव्या होत्या."

गिरणीवाली खो खो हसायला लागली. "म्हणजे स्वतःच्या शेताचं पाणी स्वतःच तोडलंस? अगं, चोरी करायची तर निदान आपल्या बाजूला तरी करायची!"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

"आणि आता तूच नीट करणार."

"हो."

"आता जास्त घट्ट झालं तर? पुढे पळायला लागलं तर?"

"घट्ट झालं तर काटे लावायला जड जातील, पुढे पळणार नाहीत. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या याच वेळी पुन्हा साठ खडे मोजा. दुरुस्त करताना दोघं जण माझ्या मेजाशी येऊन बसा."

कुणीतरी म्हणालं, "नऊ वाजले की खरं म्हणजे. आठव्याचं दार उघडा."

पाटकऱ्याने मान हलवली. "घड्याळ सांगेल तेच पाणी. अजून दोन मिनिटं आहेत."

सगळे थांबले. सातव्या शेताचा माणूस आपल्या पायांकडे बघत राहिला. दोन मिनिटं झाली, शिट्टी वाजली आणि पाणी आठव्या शेताकडे वळलं. दूरचा खांब हलला आणि फावडं चालू लागलं.

सूर्य टेकायला सव्वादोन तास होते.

मेजाशी अण्णा डावीकडे बसले आणि गिरणीवाली उजवीकडे. "पीठ झटकू नकोस," घड्याळवाली म्हणाली, "आणि अण्णा, तुमची सावली."

अण्णांनी सावली मागे घेतली.

तिने काटे काढले, तबकडी काढली. खाली एका कोपऱ्यात चावीचं सगळं बिऱ्हाड होतं. दांडीवर एक सरकतं चाक, त्याला ढकलणारी पट्टी, पट्टीला ढकलणारी खिटी.

"एकच चावी दोन कामं कशी करते?" गिरणीवालीने विचारलं.

"हे चाक सरकतं ना, ते. चावी आत असली की ते वरच्या चाकाला भिडतं आणि कमान भरते. बाहेर ओढली की खिटी फिरते, पट्टी ढकलते, चाक खाली सरकतं आणि काट्यांच्या चाकाला भिडतं."

"माझ्या गिरणीचा पट्टा असाच सरकतो. फक्त तो माझ्या लाथेने सरकतो."

खिटीचा जुना खुंट एका बाजूने झिजून साबणाच्या चिपेसारखा झाला होता. तिने तो ठोकून काढला. नवा खुंट चिमट्यात धरला, आणि तो उडाला. तिघांनीही जमिनीकडे बघितलं.

"हललात तर पायाखाली जाईल," ती शांतपणे म्हणाली आणि पेटीतून दुसरा काढला. तो बसला. छोट्या हातोडीचे तीन ठोके, मग उलट्या बाजूने एक.

मग तिने नळी काढली. चिमट्यात धरलेली नळी अण्णांना दिसेना. भिंग दिलं तेव्हा दिसली.

"एवढीशी?" ते म्हणाले. "एवढ्याशीने आठ शेतं फिरवली?"

"ही फुटली तर दुसरी नाही. या घड्याळाचे भाग आता मिळत नाहीत."

"मग राहू दे ना. तासाला दोन मिनिटं सोडून द्यायची, हिशेबाने."

"आज दोन आहेत. सैल पकड रोज आणखी सैल होते. पुढच्या महिन्यात पाच होतील, आणि ती कुणाच्या बारीत घसरतील ते कुणी सांगू शकणार नाही."

नळी आतून चेपू नये म्हणून तिने तिच्यात गुळगुळीत सुई घातली. धार घालवलेली पक्कड खळगीवर ठेवली. श्वास सोडला आणि दाबली. नळी आसावर घालून काट्याने फिरवून पाहिली. अजून सैल. काढली, पुसली, पुन्हा सुई घातली. या वेळी तिने पक्कड दाबली नाही, धरली आणि हाताचं वजन हळूहळू त्यावर येऊ दिलं. बाहेर सूर्य खिडकीच्या चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीवर आला होता. पक्कडीखाली काहीतरी किंचित दबलं, आवाज न होता, बोटांनाच कळेल एवढं. ती थांबली. गेल्या वर्षी इथे थांबायला हवं होतं, हे तिच्या बोटांना माहीत होतं.

भिंगाखाली नळी बघितली. चीर नव्हती. आसावर घातली. बसताना ती शेवटच्या केसभर अंतरावर अडली आणि मग बारीक आवाज करून खाली गेली.

सगळं पुन्हा जुळवून झाल्यावर तिने घड्याळ अण्णांपुढे धरलं.

"ओढा."

अण्णांची बोटं जाड होती. त्यांनी चावी नखाने ओढली. टक. चावी बाहेर येऊन थांबली. फिरवली, काटे फिरले. आत ढकलली, फिरवली, कमानीची करकर ऐकू आली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. लहान मुलाला खेळणं मिळावं तसं त्यांनी चार वेळा केलं.

"पुरे," गिरणीवाली म्हणाली. "त्यानेच खिटी झिजते."

सूर्य टेकायला पाव तास असताना पाटकरी घड्याळ गळ्यात घालून दाराकडे निघाला. वेळेवर शिट्टी वाजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साठ खडे पुन्हा मोजले गेले. या वेळी अण्णांनीच मोजले. गिरणीवालीचा हात हलका आहे म्हणे. साठावा खडा पडला तेव्हा मोठा काटा बाराच्या रेघेवर होता. अण्णांनी घड्याळ तिरकं करून, सरळ करून पाहिलं.

"माझी सहा मिनिटं गेली," ते म्हणाले.

"तुमची होती कधी?" गिरणीवालीने विचारलं.

अण्णांनी पाटाच्या कडेने खाली बघितलं. आठव्या शेताच्या बांधावर तो उभा होता. अण्णांनी तोंडाशी हात नेला आणि दोन्ही काठांना पुरेल अशा आवाजात हाक मारली, "अरे ए! इथे ये! बारी लागली तुझी, दारावर ये की!"

तो आला. सातव्या शेताच्या माणसाने स्वतः फळी उचलली. त्या दिवशी घड्याळवालीने खिडकीतून पाहिलं तर पाणी लागलं तेव्हा ऊन अजून भिंतीच्या निम्म्यावर होतं.

शेवटच्या तीन सऱ्या वाचल्या नाहीत. नवऱ्याने ती झाडं उपटून बांधावर टाकली. काही झाडांना सुकलेले, बोराएवढे टोमॅटो होते. त्यांच्या वरच्या तीन सऱ्यांनी मात्र तीन दिवस पाणी नुसतं गिळलं. जमिनीला पडलेल्या भेगा आधी भरायच्या होत्या. चौथ्या दिवशी पाणी भेगांवरून पुढे सरकलं आणि झाडांच्या माना उभ्या राहिल्या.

त्या दिवशी घड्याळवाली शेतात आली होती. नवरा गुडघ्यापर्यंत भिजला होता. त्याने शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी पाणी पोचताना पाहिलं, फावड्याने सरीचं तोंड बंद केलं आणि कंबर सरळ केली. सूर्य अजून टेकडीच्या वर होता. पाटकरी घड्याळ हातात धरून बांधावरून येत होता.

"काका, झालं माझं," तो म्हणाला. "बंद करा दार."

पाटकऱ्याने घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "अजून अकरा मिनिटं आहेत तुझी."

नवऱ्याने उपटलेल्या तीन सऱ्यांकडे बघितलं, मग बायकोकडे. तिथे नवी रोपं लावायची होती, पण अजून आणली नव्हती. जमीन रिकामीच होती.

"मग येऊ दे," तो म्हणाला आणि रिकाम्या सरीचं तोंड फावड्याने उघडलं.